कोहेरीहून न परतलेली राणी

पृथ्वीच्या पाठीवरची एक अख्खी पर्वतरांग माझ्या हातून घडली आहे. असं विधान करणाऱ्या बाईकडं लोक आदरानं तरी बघतात, नाहीतर तिच्या सुनेला बाजूला घेऊन डॉक्टरांचं नाव तरी सुचवतात. मला दोन्हींचा अनुभव आहे. रांगेचं नाव कोहेरी. ती अजिंठ्याच्या डोंगरांहून उंच आहे, सातमाळ्याहून लांब आहे आणि कुठल्याही नकाशात नाही. ती घडली तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आमच्या बैठकीतल्या जाजमावर बसले होते, समोर अकरा बायका मुठीत तांदळाचे दाणे धरून बसल्या होत्या, माझ्या मांडीवर कहाण्यांचं पुस्तक उघडं होतं आणि मला मराठी वाचता येत नव्हतं. पर्वत का निर्माण होतात याची भूगोलात बरीच कारणं दिलेली असतात. कोहेरीच्या बाबतीत कारण हे एवढंच.

मराठी घरातल्या, मराठी बोलणाऱ्या मुलीला मराठी वाचता येत नव्हतं, हे आताच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. निजामाच्या राज्यात आमच्या शाळेत सगळं उर्दूतून चाले. घरी एक भाषा बोलायची आणि शाळेत दुसरी वाचायची, यात आम्हाला काही वावगं वाटत नसे. हिमालय मला पहिल्यांदा भेटला तो उजवीकडून डावीकडं. पुढं पोलीस अॅक्शन झाली. फौजेला राज्य घ्यायला चार-पाच दिवस लागले. आमच्या घराला लिपी बदलायला त्याहून बराच जास्त वेळ लागला. दादा, म्हणजे माझे वडील, महसूल कचेरीत कारकून होते आणि त्यांचं उर्दू अक्षर असं होतं की वरचे साहेब त्यांच्याकडून घरची पत्रं लिहून घेत. आता त्यांना खात्याची मराठीची परीक्षा द्यायची होती. चाळिशीतला तो माणूस कचेरीतून आला की टोपी खुंटीला लावायचा, मांडीवर पाटी घ्यायचा आणि क ख ग गिरवायचा. ळ काढताना त्यांची जीभ बाहेर येई. आम्ही बघितलं की पाटी पालथी होई.

घर शहरातल्या गुलमंडी बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. पलीकडच्या गल्लीत हिमरूच्या शालींचे माग होते, त्यांचा खटखटाट सकाळपासून भिंतीतून येई आणि माय त्या ठेक्यावर भाकरी थापी. माग थांबला की तिचाही हात क्षणभर थांबायचा. माय पिशोरची. तिच्या माहेरून ज्वारीचं पोतं, शेंगा आणि येसराचा डबा येत असे. येसराची आमटी उकळली की तो भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा वास थेट रस्त्यापर्यंत जाई आणि ओळखीची माणसं काहीतरी काम काढून आत येत. माझी शाळा त्या वर्षी बंद झाली. आमच्या बाई, कुलसूम आपा, तास संपायला दहा मिनिटं उरली की पुस्तक मिटून परीलोकातल्या कोहांच्या, म्हणजे डोंगरांच्या, गोष्टी सांगत. त्यांच्या दाराला कुलूप लागलं. त्यांच्या गल्लीत तशी बरीच कुलपं लागली होती. कोण कुठं गेलं, कोण गेलं नाही पण राहिलंही नाही, हे मोठी माणसं आवाज खाली करून बोलत, आणि आम्ही आत आलो की एकदम वांग्यांचे भाव काढत.

मुलींसाठी नवी मराठी शाळा निघणार होती, आणि ती काढणार होते वकीलसाहेब. ते चार घरं सोडून राहत. त्यांनी सगळी हयात निजामाच्या कोर्टात उर्दूतून वकिली केली होती आणि ती फार नामी केली होती. पोलीस अॅक्शननंतर महिन्याभरात शेरवानी ट्रंकेत गेली, पांढरी टोपी आणि उपरणं आलं; आवाज मात्र कोर्टातलाच राहिला. ते भाजी घ्यायला उभे राहिले तरी समोर कुणीतरी न्यायाधीश बसलेला आहे असं वाटे. त्यांची अट एकच होती: वरच्या वर्गात यायचं तर मुलीला मराठी वाचता आलं पाहिजे. दादांनी छाती काढून सांगून टाकलं, "आमची इंदू वाचते की! श्रावणात कहाणी तीच वाचणार आहे." दादांना खरंच तसं वाटत होतं. शिकलेल्या मुलीला सगळंच वाचता येतं, अशी आमच्या घराची समजूत होती. मी ती मोडली नाही, कारण शाळा नाही तर काय, हे मायनं आधीच सांगून ठेवलं होतं. पिशोरला मामांनी एक स्थळ बघितलं होतं. चाळीस एकर जमीन, दोन विहिरी आणि मिशा.

कहाणी वाचायचं काम माझ्याकडं आलं ते गोदाकाकू गेल्यामुळं. म्हणजे परभणीला लेकाकडं गेल्या. श्रावणातल्या शुक्रवारी गल्लीतल्या बायका आमच्याकडं जमत, जिवतीच्या कागदाला हळदकुंकू लागे, पुरणाचे दिवे ओवाळले जात, चणे आणि दूध वाटलं जाई. आणि मग हातात अक्षता धरून सगळ्या कहाणी ऐकत. संपली की दाणे देवापुढं टाकायचे. गोदाकाकूंना कहाण्या पाठ होत्या. त्यांनी जाताना पुस्तक मायच्या हातात ठेवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पोरगी हाय ना शिकलेली. मंग काय काळजी."

पहिल्या शुक्रवारी मी पुस्तक उघडलं. रेघेला टांगलेली ती अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसत होती. कुठलं कुणाचं, ते कळायला मार्ग नव्हता.

"वाच की गं," माय म्हणाली.

"नरडं साफ करायली ती," उंबऱ्यावरून ठकूबाई म्हणाली. ठकूबाई पिशोरच्या वरच्या अंगाची, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली. आठवड्याला तूप घेऊन यायची, मायच्या गावची म्हणून आमच्याकडं टेकायची, आणि आत बोलावलं तरी घोंगडी अंथरून उंबऱ्यावरच बसायची. कहाणीला हुंकार द्यायचं काम तिचं.

मी नरडं साफ केलं. कुठल्याही कहाणीत एक राजा असतो आणि त्याला दोन राण्या असतात, एक आवडती, एक नावडती, एवढं मला ठाऊक होतं. मी ओळीवर बोट ठेवलं आणि नावडतीला घराबाहेर काढलं. ती कुठं जाणार? माझ्या डोक्यात तेव्हा एकच परका मुलूख होता, तो कुलसूम आपांचा. मी तिला कोहेरीच्या डोंगराकडं लावलं. नाव तोंडातून आपोआप आलं. मग भीती वाटली की कुणी पत्ता विचारील. म्हणून सांगून टाकलं की हे डोंगर दिवसभर बसून असतात आणि दिवेलागणीला उठून एक पाऊल सरकतात, त्यामुळं आज जिथं दिसले तिथं उद्या नसतात. ही जादू अडचणीतून निघालेली आहे. जगातल्या बऱ्याच जादूंचं तसंच असावं.

"व्हय," ठकूबाईनं हुंकार दिला. "मेंढरांचं बी तसंच असतंय. आन् चारा हाय का वर?"

"गुडघ्याएवढा," मी बोट न हलवता वाचलं.

"मंग ठीक."

पहिल्या डोंगरावर डोक्यावरचं ओझं हलकं होतं. नावडती पाण्याचे दोन हंडे घेऊन चढायला लागली, आणि दहाव्या पावलाला हंडे कापसाचे झाले, विसाव्याला ते उतरून तिच्या पुढं चालू लागले. मी वर बघितलं तेव्हा दोघी-तिघींनी नकळत मान सरळ केली होती.

मी विसरेन म्हणून त्या दिवशी सांगितलेलं सगळं एका चिठ्ठीवर उर्दूत उतरवलं आणि चिठ्ठी पुस्तकात ठेवली. हे फार गरजेचं निघालं, कारण दुसऱ्या शुक्रवारी मी नावडतीला उजवीकडच्या वाटेनं नेलं तर चार जणींनी एकदम अडवलं. मागच्या खेपेला वाट डावीकडं गेली होती. बायकांना भाव, नातं आणि वाट यांचा विसर पडत नाही. त्या शुक्रवारी मी दुसरा डोंगर उभा केला. तिथं खालून कुणीही हाक मारली तरी ऐकू येत नाही. सासू हाक मारते, राजा मारतो, दूधवाला मारतो, दाराची कडी वाजते; वर काहीच पोचत नाही, फक्त वारा आणि गवत.

पलीकडचे माग एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागले. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "पोरगं रडलं तरी नाय?"

मला मुलाबाळांचा अनुभव नव्हता. मी पान उलटल्यासारखं केलं. "पोर रडलं की तेवढं ऐकू येतं. पण उगीच रडलं तर नाही."

"लई शहाणा डोंगर हाय," ठकूबाई म्हणाली.

आता मी त्याच शहरातल्या पुंडलिकनगरात राहते. वयामुळं मला कानाचं यंत्र लागतं, आणि घरात फार हाका सुरू झाल्या की मी ते काढून ठेवते. सुनेला वाटतं यंत्र बिघडतं. ते मी आणलेलं सर्वांत चांगलं यंत्र आहे.

तिसऱ्या शुक्रवारपर्यंत बायका अकराच्या एकोणीस-वीस झाल्या. शेजारच्या आळीतूनही यायला लागल्या. चणे दुप्पट भिजवावे लागले आणि माय कुरकुरत पण फुलून गेली. तिसऱ्या डोंगरावर चूल पेटलेली असते आणि भाकरी दुसरंच कुणीतरी थापत असतं. आपण फक्त बसायचं आणि ती गरम असताना खायची. कोण थापतं, असं एकीनं विचारलं. "माहीत नाही," मी म्हणाले, "पण ते आधी जेवलेलं असतं." हे आजही मला माझ्या लेखनातलं सर्वांत बरं वाक्य वाटतं. नंतर मी बरीच पुस्तकं वाचली, थोडंफार लिहिलंही, पण त्या तोडीचं काही जमलं नाही.

चौथ्या शुक्रवारी नावडती शेवटच्या डोंगरापाशी पोचली. तिथं वाटेत एक राखणदार उभा असतो. तो विचारतो, "कुणाची कोण?" आणि कुणाचंही नाव न घेता उत्तर देईल तिलाच सोडतो. नावडतीनं खूप विचार केला. मग म्हणाली, "मी चालत आलेली." राखणदार बाजूला झाला. पलीकडं शेत होतं, पाणी होतं, निळं गवत होतं, आणि दिवेलागणीला पायाखालचा डोंगर एक पाऊल सरकायचा, तेव्हा पाळण्यात बसल्यासारखं वाटायचं. ती तिथंच राहिली. मी पुस्तक मिटलं.

अक्षता कुणी टाकेना.

"आन् राजा?" मायनं विचारलं.

"राजाला बारा वर्षं कळलंच नाही. ताट आवडती वाढत होती."

"पन परत येती ना ती? कहाणीत परत येतेतच."

"ही नाही आली."

एकमेकींकडं बघत त्यांनी दाणे टाकले. सर्वांत शेवटी टाकले वकीलीणकाकूंनी, म्हणजे वकीलसाहेबांच्या बायकोनं. त्या कोपऱ्यात बसायच्या, कमी बोलायच्या, आणि माझ्याकडं बघण्याऐवजी माझ्या बोटाकडं बघायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या लासूर स्टेशनला माहेरी निघून गेल्या. नवरा कोर्टात जायला निघाला होता, त्याला सांगितलं, "ताट झाकून ठेवलंय." कधी येणार विचारलं तर म्हणाल्या, "डोंगर सरकतोय, बघू कुठं उतरवतो ते." त्यांच्या मोलकरणीनं हे ऐकलं, म्हणजे दुपारपर्यंत गल्लीनं ऐकलं.

काकू पाचव्या दिवशी परत आल्या. पण तोवर वकीलसाहेबांनी सगळा तपास केला होता. त्या श्रावणात शुक्रवार पाच होते. पाचव्या शुक्रवारी चणे वाटून झाले आणि दारात खाकरल्याचा आवाज आला. बायकांनी पदर ओढले. बाप्या माणूस कहाणीला येत नसतो, वकीलसाहेब आले. मागं अवघडलेले दादा. उंबऱ्यावरची ठकूबाई काही उठली नाही, त्यामुळं त्यांना तिला वळसा घालून आत यावं लागलं आणि पहिल्या वाक्याचा जोर तिथंच गेला.

"मायभगिनींनो," ते म्हणाले, "आपला प्रदेश नुकताच मुक्त झाला आहे. मुक्तीबरोबर जबाबदारी येते. गेले चार शुक्रवार या घरात जी कहाणी वाचली जात आहे, ती या पुस्तकात कोणत्या पानावर आहे, ते या मुलीनं मला दाखवावं."

त्यांनी पुस्तक उचललं. माझ्या चार चिठ्ठ्या जाजमावर पडल्या.

मला वाटलं, संपलं. शाळा संपली, पिशोरच्या मिशा आल्या. वकीलसाहेबांनी चिठ्ठ्या उचलल्या, बघितल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. कोर्टात विरुद्ध पक्षाचा कागद हाती लागल्यावर उजळत असणार तसा. "उर्दू!" ते म्हणाले. "ऐका. पुरावाच वाचून दाखवतो." आणि ते उभ्यानं वाचायला लागले, उर्दूवरून मराठी करत.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. माणूस फार सुंदर वाचत असे. माझ्या चिठ्ठ्यांवर नुसते तुकडे होते: हंडे, कापूस, वारा, राखणदार. पण तीस वर्षं त्यांनी तुकड्यांवरून खटले उभे केले होते. त्यांच्या आवाजात डोंगर खरोखर उठून उभे राहिले. हंडे पुढं चालायला लागले तेव्हा बायकांच्या मुठी वळल्या; त्यांच्या हातात अक्षता होत्याच. दुसऱ्या डोंगराला त्यांनी आवाज असा खाली आणला की मलाच माझं गवत ऐकू आलं.

"व्हय," ठकूबाई म्हणाली.

वकीलसाहेब दचकले, पण थांबले नाहीत. थांबता येईना त्यांना. राखणदारापाशी आले, "कुणाची कोण," त्यांनी विचारलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि उत्तर दिलं. शेवटची चिठ्ठी संपली. मग वीस बायकांनी, कहाणी संपल्यावर टाकतात तशा, अक्षता टाकल्या. देवापुढं वकीलसाहेब उभे होते. दाणे त्यांच्या टोपीवर, उपरण्यावर आणि पायांवर पडले.

"मी पुरावा वाचत होतो!" ते म्हणाले.

"लई ग्वाड वाचलात," मायनं पदराआडून सांगितलं. तिला खरंच तसं वाटलं होतं.

त्यांनी टोपी झटकली. "हे डोंगर कोणी पाहिलेत? बोला. या सभेत एक तरी साक्षीदार आहे?"

"म्या पायलेत की," ठकूबाई म्हणाली.

"कुठे?"

"पिशोरच्या वरल्या अंगाला. मेंढरं नेलती."

"मग आता दाखवाल?"

"आता कुठं असतील काय म्हाईत, साहेब. सरकत्यात ना ते. तुमीच वाचलं की आत्ता."

कुणीतरी हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. वकीलसाहेब माझ्याकडं वळले. राग होता, पण आता त्यात दुसरंही काही होतं. ते माझ्याशी बोलत असताना त्यांची नजर कोपऱ्याकडं, बायकोकडं जात होती. "तुला मराठी वाचता येत नाही," ते म्हणाले.

"नाही."

दादांनी भिंतीला टेकून डोळे मिटले.

"ठीक. ते शिकवता येईल. मी तुला तरीही वर्गात घेईन. डोंगरही असू देत. पण आत्ता, या सगळ्यांसमोर, एवढं सांग की राणी परत येते."

मी जाजमावरचे दाणे गोळा करायला लागले.

"राजा तिला न्यायला जातो, ती परत येते, सुखानं राहतात. एक वाक्य. मग उद्या सकाळी शाळेत तुझं नाव लागेल."

किती सोपं होतं! एका बाजूला शाळा होती आणि दुसऱ्या बाजूला एक बाई, जी मुळात नव्हतीच. पण मी तिला चार शुक्रवार चालवलं होतं. तिचे पाय कुठं दुखले ते मला ठाऊक होतं. आणि, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं, तो मुलूख माझा एकटीचा नव्हता. तो ज्यांच्याकडून मी घेतला होता त्यांच्या दाराचं कुलूप गंजायला लागलं होतं आणि त्यांच्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आमच्या भोवती तेव्हा जो तो कुणाकडून तरी काही तरी वदवून घेत होता. मला ते वाक्य जिभेवर येऊनसुद्धा बोलता येईना.

"ती येत नाही," मी म्हणाले.

"पुन्हा विचार कर."

"केला. येत नाही."

"इंदे!" दादा म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यातून वकीलीणकाकू बोलल्या. पाच शुक्रवारांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. "मी आले ना परत?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "गल्लीत एक आली तेवढं पुरे झालं की. तिला राहू द्या तिकडं."

वकीलसाहेबांनी चिठ्ठ्या खिशात घातल्या. परत द्यायला हव्या होत्या, पण घातल्या. "प्रवेश मिळणार नाही," ते दादांना म्हणाले. "लेखी माफी आली तर विचार करू. मराठीत." आणि ठकूबाईला पुन्हा वळसा घालून गेले.

बायका पांगल्या. वकीलीणकाकू जाताना माझ्यापाशी थांबल्या. "मला पहिल्या शुक्रवारीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तू पुस्तक शेवटाकडून उघडलं होतंस. मला वाचता येतं." मग उंबऱ्यात वळून म्हणाल्या, "पण पुस्तकातली मला पाठ होती गं."

नंतरचे आठ दिवस घरात माफीनामा राहायला आला होता. दादा चहा घेताना म्हणत, "दोन ओळी लिही." मी म्हणे, "मराठीत मला येत नाही, आणि उर्दूत त्यांना चालत नाही." दादा म्हणत, "मी लिहून देतो, तू सही कर." मग पाटी घेऊन बसत, आणि 'क्षमा' शब्दातला क्ष त्यांना जमत नसे. माय भाकऱ्या जोरात थापी. तिनं पिशोरला निरोप पाठवायचा विषय दोनदा काढला, आणि दोन्ही वेळा तूप द्यायला आलेली ठकूबाईच समोर असल्यामुळं तो तसाच राहिला. "निरोप न्यायला मला वेळ नाय," ठकूबाई म्हणाली. "आन् त्या मिशीवाल्याच्या दोन्ही विहिरी कोरड्या हायेत. आमची मेंढरं जात्यात ना तिकडून."

मी काही लिहिलं नाही. हट्ट म्हणा. तेरा वर्षांच्या मुलीजवळ दुसरं असतं काय? आठव्या दिवशी सकाळी दादा आरशासमोर दाढी करत होते. अर्धा गाल साबणात, अर्धा मोकळा. वस्तरा थांबवून त्यांनी आरशातूनच मला विचारलं, "तो दुसरा डोंगर. तिथं साहेबाची हाक पण ऐकू येत नाही का?"

"नाही."

"घंटी वाजवली तरी?"

"तरी नाही."

"हं," दादा म्हणाले आणि दुसरा गाल केला. त्यानंतर घरात माफीचा विषय निघाला नाही.

त्याच दिवशी दुपारी वकीलसाहेबांचा शिपाई एक कागद घेऊन आला. माझा प्रवेश मंजूर झाला होता. माफीचा त्यात उल्लेख नव्हता, अटीचा नव्हता, राणीचाही नव्हता. माय त्या कागदाला हळदकुंकू लावायला निघाली होती. दादांनी कसाबसा वाचवला. मी शाळेत गेले, सहा वर्षांच्या मुलींशेजारी बसून बाराखडी शिकले, आणि पुढं त्याच शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्तीच्या समारंभात मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हीच हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणाले की एका मुलीच्या ठाम नकारापुढं त्या काळचा एवढा मोठा वकील नमला. टाळ्या चांगल्या पडल्या. नंतरही मी ती तशीच सांगत आले. मुलींना ती आवडते.

समारंभानंतर कपाटाच्या किल्ल्या परत करताना मी शाळेचं सर्वांत जुनं हजेरीपुस्तक काढून बघितलं. मुलींची नावं एका शाईत ओळीनं होती, आणि तळाशी वेगळ्या शाईत माझं. पुढच्या पानाला वरिष्ठांकडून आलेलं मंजुरीचं पत्र चिकटवलेलं होतं. शाळेच्या मंजुरीसाठी किमान वीस मुली लागत होत्या. माझ्या नावाच्या वर एकोणीस होत्या.